कागदाएवढा उठाव

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, झोपाळ्यावर बस. बेस ने, भाई, उभ्या उभ्या काय बोलायचं. आणि तो खोका गाडीतच राहू दे, आत आणायची गरज नाही. त्यात काय आहे ते मी न उघडता सांगते. एक छोटं वाफेचं इंजिन, त्याच्या डोक्यावरून जाणारा लांब शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी फिरणारी चिमुकली यंत्रं – लेथ, ड्रिल, करवत, सहाण – जेवायच्या पाटावर मावेल एवढा सगळा कारखाना. बरोबर ना? आणि पट्टे टिकत नाहीत. चालू केलं की एकेक सरकत सरकत कडेला जातो आणि पडतो. म्हणून तू दीनानाथकाकांचं घर विचारत विचारत निजामपुऱ्यात आलास. काका घरी नाहीत, या वेळी ते बागेत फिरायला जातात. मी त्यांची बायको, मृदुला. तू मला ओळखलं नाहीस, मी तुला फाटकातच ओळखलं. उदयसिंहरावांचा ध्रुव. नाक तेच आणलंयस.

ऐकलं मी तुझ्या वडिलांचं, आबासाहेबांचं. दांडिया बाजारात देवळाबाहेर कुणीतरी म्हणालं, झटका आला, एक बाजू गेली म्हणून. वाईट झालं. आणि आता त्यांना ते यंत्र एकदा चालताना बघायचंय – असंच ना? पलंगासमोरच ठेवलं होतंत ते, काचेच्या कपाटातून काढून. मग कुणाला तरी दाखवायचं. दाखवलंस? कुठे, मकरपुऱ्यात, जीआयडीसीतल्या कारखान्यांत? आणि त्यांनी चकचकीत नवीन पुल्या करून दिल्या, आणि पट्टे तरीही पडले. पडणारच. दिसायला पुली म्हणजे काय, एक चाक. सपाट चाक करून दिलं असेल त्यांनी. नाही रे, माझ्याकडे जुन्या पुल्या कुठून असणार? मी शाळेत भूमिती शिकवायची, पुल्यांचं मला काय. पण चहा टाकलाय, तो होईपर्यंत बस. इतक्या वर्षांनी तुमच्या घरातलं कुणी या दारात आलंय, तर निदान ऐकून तरी जा की हे यंत्र झालं कसं. तुला काय सांगितलंय घरात? आबासाहेबांनी रविवारी रविवारी बसून केलं? हां. तेच म्हटलं.

दीनानाथ आणि तुझे आबासाहेब एका वर्गात होते, इंजिनिअरिंगला. दोघांची डिग्री एकच. फरक एवढाच, की ड्रॉइंगचे कागद दोघांचेही आमचे हे काढायचे. ह्यांना त्यात कधी काही वाटलं नाही, मित्र आहे म्हणायचे. पुढे हे पंपाच्या फॅक्टरीत डिझाइनला लागले, आबासाहेबांनी स्वतःचं काढलं – इलेक्ट्रिक पॅनल, स्विचगिअर – आणि चांगलं चाललं त्यांचं, मी नाही म्हणत नाही. मग ते दिवस आले ना, बाहेरच्या कंपन्या आत यायला लागल्या ते – ह्यांची फॅक्टरी कुणीतरी विकत घेतली आणि पहिलं डिझाइनचं खातं बंद केलं. ड्रॉइंग म्हणे आता तिकडून तयार येणार. ह्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा शब्द बघ. पन्नाशीही नव्हती उलटली. घरी आले, मागच्या खोलीत एक जुना लेथ आणून बसवला आणि म्हणाले, मृदुला, मी आता एक असा कारखाना करणार की ज्यातून मला कुणी काढू शकणार नाही. हसत म्हणाले. माणूस असा आहे की कडू बोलायचं असलं की हसतो.

इंजिन लवकर झालं. सिलिंडर, पिस्टन, चक्र – ते त्यांच्या हातचंच होतं. अडलं ते पट्ट्यांवर. वाफेच्या जागी पंपाने दाबलेली हवा सोडली की इंजिन छान पळायचं, शाफ्ट फिरायचा, आणि दोन मिनिटं झाली नाहीत की ड्रिलचा पट्टा खाली. पुन्हा चढवा, पुन्हा खाली. ह्यांनी पुल्यांना दोन्ही कडांना काठ केले, परातीला असतात तसे – तर पट्टा त्या काठावर चढून पीळ खाऊन तुटायला लागला. पट्ट्यांचं काम माझ्याकडे होतं. माझी एक चामड्याची पर्स होती, लग्नातली, ती कापली मी पहिल्यांदा. पट्टी अरुंद कापायची, दोन्ही टोकं तासून कागदासारखी पातळ करायची, एकावर एक चिकटवून रात्रभर पाट्यावरवंट्याखाली दाबून ठेवायची, म्हणजे जोड हाताला लागत नाही. आणि जोडाचं टोक फिरण्याच्या उलट बाजूला राहिलं पाहिजे, नाहीतर पुलीवर आपटून उचकटतं. तरी पडायचेच. मग हे कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचून आले की पुलीचा माथा सपाट ठेवायचा नसतो, मधोमध किंचित उंच ठेवायचा. उठाव म्हणायचे हे त्याला, इंग्रजीत क्राऊन. माझा विश्वासच बसेना – उंचवट्यावरून वस्तू घसरून पडेल की तिथे टिकेल? आम्ही जेवणाच्या टेबलावर त्यावर भांडलो. ह्यांनी एका पुलीला कागदाच्या जाडीएवढा उठाव दिला, पट्टा मुद्दाम कडेला बसवला आणि हवा सोडली. आणि ध्रुव, तो पट्टा आपल्या पायांनी चढून मधे गेला. जाऊन बसला. मी भूमिती शिकवत आले आयुष्यभर, पण असं काही बघितलं नव्हतं. हे नुसते माझ्याकडे बघत होते, पट्ट्याकडे नाही.

घे, चहा घे. साखर कमी आहे का? चालशे म्हणू नकोस, हवी तर सांग.

तर ते यंत्र पुरं झालं. बघायला सगळी कॉलनी आली, आणि एका संध्याकाळी तुझे आबासाहेबही आले. खूप वेळ बसले समोर. मग म्हणाले, दिना, इंग्लंडहून एक साहेब येतोय, कोलॅबोरेशनचं बोलायला. म्हातारा आहे, त्याला असल्या छोट्या इंजिनांचा नाद आहे, घरी शेडमधे स्वतः करतो. दोन दिवस दे मला हे, ऑफिसात ठेवतो, त्याला बरं वाटेल. ह्यांनी लगेच हो म्हटलं. मी आतून ऐकत होते, मलाही काही वाईट वाटलं नाही, उलट वाटलं, ह्यांचं काम कुणीतरी जाणकार बघेल. हे स्वतः बरोबर गेले, टेम्पोत मांडीवर घेऊन. कोट घातला होता त्या दिवशी ह्यांनी. साहेबाला समजावून सांगायला हवं म्हणून.

समजावलं कुणी माहीत आहे? तुझ्या आबासाहेबांनी. साहेब वाकून वाकून बघत होता आणि आबासाहेब सांगत होते, माझा छंद आहे, रविवारचा वेळ असाच जातो माझा. हे तिथेच उभे, हातात तेलाची कुपी. साहेबाने ह्यांच्याकडे बघून विचारलं, आणि हे? तर आबासाहेब म्हणाले, हा माझा मदतनीस, तेलपाणी बघतो. साहेबाने ह्यांचा खांदा थोपटला. आणि ह्यांनी काय करावं – ह्यांनी मान खाली घातली आणि शाफ्टच्या बेअरिंगला तेल दिलं. हे मला ह्यांनी नाही सांगितलं. ते घरी आले, कोट काढला, म्हणाले, छान झालं, पट्टे एकदाही पडले नाहीत. मला गणपतरावांनी सांगितलं, तुमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, मागच्या गल्लीत राहायचे. त्यांना राहवलं नाही, बिचाऱ्यांना. पेपरात फोटोपण आला होता, तुझे आबासाहेब आणि साहेब, मधे यंत्र. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं बघ. कोटाचं. ते आमच्या ह्यांचं.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. हे मागायला गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, साहेब मीटिंगमां छे. पुन्हा गेले, पुन्हा मीटिंगमां छे. फोनवर आबासाहेब म्हणाले, अरे दिना, करारावर सह्या होईपर्यंत राहू दे, साहेब परत येणार, त्याला ते दिसलं नाही तर काय सांगू मी? आणि तुला घाई काय आहे, तू तर रिकामाच आहेस. रिकामाच. ह्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मागच्या खोलीत गेले नाहीत. लेथवर चादर घातली. संध्याकाळी बागेत जायला लागले ते तेव्हापासून. मी बोलायची काही, तर म्हणायचे, जाऊ दे, चालतंय ना ते तिकडे, कुणीतरी बघतंय ना. मी म्हणायची, तुमचं नाव? तर म्हणायचे, यंत्राला नाव लागत नाही. त्या माणसाला राग येत नव्हता, आणि मग तो सगळा माझ्याकडे साचत गेला. एका घरात एवढ्या रागाला कुणीतरी जागा द्यायला हवीच ना? मी शाळेत मुलींना वर्तुळ शिकवायची आणि डोळ्यांसमोर तुझे आबासाहेब. मी भाजी चिरायची आणि तेच. कोर्टात जा म्हणाले मला माझे भाऊ. कोर्टात काय सांगणार, मदतनीसाने केलं?

मग थंडीत हे धुळ्याला बहिणीकडे गेले, तिचं ऑपरेशन होतं. आणि नेमकं तेव्हाच तुमच्या ऑफिसातून फोन, साहेब येतोय, सह्या आहेत, एकदोन पट्टे सैल झालेत, दीनानाथांना पाठवा. मी म्हटलं, ते गावाला गेलेत, पण पट्टे मीच करते, मी येते. चालेल म्हणाले. आणि फोन ठेवला तशी मी मागच्या खोलीत गेले आणि लेथवरची चादर काढली.

—काय बघतोयस असा? हो, येतं मला लेथ चालवायला. एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी उभी होते, सहाणेवर टूलला धार लावून द्यायची, हँडल फिरवायची. ह्यांची मापं माझ्या डोक्यात होती. ॲल्युमिनियमची कांब घेतली आणि एकेक पुली केली, तेवढीच, तशीच, त्याच भोकाची. फक्त एक गोष्ट उलट. जिथे मधे कागदाएवढा उठाव हवा, तिथे कागदाएवढा खोलगट. डोळ्याला दिसत नाही. नखाला कळतं, पण नख कोण फिरवतंय. अशा पुलीवर हाताने सावकाश फिरवलंस तर पट्टा बसून राहतो, मुकाट्याने. वेग आला की जातो उंच कडेकडे, आणि कडेच्या पुढे काही नसतं. हात कापले माझे, एकदा बोटात कीस घुसला, पण इतकं लक्षपूर्वक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. रडत वगैरे नव्हते मी. गुणगुणत होते.

तुमच्या ऑफिसात शिपायाला म्हटलं, भाई, जरा चहा आणतोस? तो गेला. शाफ्ट उचलला, बारीक स्क्रू ढिले केले, जुन्या पुल्या पर्समधे, नव्या शाफ्टवर. पट्टे माझेच, नवीन, घट्ट. तुझे आबासाहेब आले बघायला. मी हाताने शाफ्ट फिरवून दाखवला. वा वहिनी, म्हणाले, दिनाला सांगा, कराराचे पेढे पाठवतो. मी म्हटलं, सांगते.

पुढचं गणपतरावांकडूनच. सगळे जमले, फोटोवाला आला, हवा सोडली. एक पट्टा पडला. चढवला. दुसरा पडला, तिसरा पडला. साहेबाने कोट काढला, बाह्या वर केल्या – नादिष्ट माणूस, त्याला मजाच वाटली असणार – आणि आपुलकीने विचारलं, तुम्ही क्राऊन किती दिलाय? आणि तुझ्या आबासाहेबांनी त्याला आपल्या घराण्याचं सांगायला सुरुवात केली. पणजोबा सरदार होते, दरबारात मान होता, मुकुट कुणाचा, पागोटं कुणाचं. गणपतराव सांगताना तोंडाला रुमाल लावत होते. साहेब ऐकत राहिला, शेवटपर्यंत, सभ्य माणूस. मग त्याने एक पुली अंगठ्याखाली फिरवून बघितली, खाली ठेवली, आणि कोट घातला. सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत. नंतरही झाल्या नाहीत. पुण्याच्या कुणाला तरी मिळालं ते काम. तू लहान होतास, तुला आठवत नसेल, त्या वर्षी तुमच्या अलकापुरीच्या बंगल्याचं बांधकाम मधेच थांबलं होतं. मी मुद्दाम रिक्षा तिकडून घ्यायला सांगायची.

मला काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण जे वाटलं ते तुला वाटतंय ते नाही. ह्यांना धुळ्याहून आल्या आल्या ऑफिसात बोलावून घेतलं, ते वाटलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की दोष मदतनीसावर येणार. सगळ्या स्टाफसमोर तुझे आबासाहेब म्हणाले, दिना, माझी अब्रू घालवलीस तू. ह्यांनी यंत्राजवळ जाऊन पुलीवर नख फिरवलं, उजेडात धरली ती, आणि म्हणाले – गणपतरावांसमोर म्हणाले – हो, माझ्याकडूनच झालं. यापुढे मी याला हात लावणार नाही. आणि चालत घरी आले. मी दार उघडलं. हे चप्पल काढता काढता म्हणाले, फिनिश छान आलाय गं. टूल कोणतं लावलंस? बस. एवढंच. त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून लेथचा आवाज यायला लागला. हो, दुसरं यंत्र केलं. ह्यांचं इंजिन, माझ्या पुल्या. आत आहे. नाही, दाखवणार नाही.

आणि मी आता बोलून गेलेच आहे तर खोटं कशाला – आहेत. जुन्या, खऱ्या पुल्या आहेत. माझ्या शिलाई मशीनच्या खणात, फडक्यात गुंडाळून. तेल लावते मी त्यांना अधूनमधून. पाव तासाचं काम आहे, शाफ्टवर चढवल्या की तुझ्या आबासाहेबांसमोर ते यंत्र घड्याळासारखं चालेल. म्हणूनच म्हटलं, खोका आत आणू नकोस. हे यायच्या आत तू निघालास तर बरं, कारण ह्यांनी बघितलं तर हे चष्मा लावून इथेच ओट्यावर बसतील आणि तुला करून देतील. असाच आहे तो माणूस. मी तशी नाही. मला अजून झोपेत ते कोटाचं कोपर दिसतं. एक सांगते, ने पुल्या. पण आधी तुझ्या आबासाहेबांनी आपल्या तोंडाने म्हणायचं, तुझ्यासमोर, तुझ्या आईसमोर, घरातल्या नोकरांसमोर – हे दीनानाथाने केलं. एवढंच वाक्य.

काय?

बोलता येत नाही? अजिबातच? नुसतं बोट दाखवतात. बरं. येत होतं तेव्हाही बोलले नाहीतच की. माझ्याकडे असं बघू नकोस, रडका चेहरा करून. तुझी चूक नाही, मला कळतं, तू मुलगा म्हणून आलास, चांगलं केलंस. पण तुझ्या बापाने पलंगावर पडून त्या यंत्राकडे बघावं. रोज बघावं. थांबलेलं. पट्टे लोंबताहेत, चाकं जागच्या जागी. आमच्या ह्यांनी लेथवर चादर घालून तसेच दिवस काढले होते, आणि त्यांना तर झटकाही आला नव्हता.

—कुणी पाठवलं? पुन्हा सांग. हे भेटले तुला? कुठे, बागेत? आज?

म्हणजे आधी तू त्यांच्याकडे गेलास. आणि त्यांनी इथे पाठवलं. काय म्हणाले नक्की? त्यांच्या शब्दांत सांग. 'पुल्या हिच्याकडे आहेत, मशीनच्या खणात. देणं न देणं हिचं आहे, मी मधे पडणार नाही.' असं म्हणाले.

खण माहीत होता त्यांना. आणि इतक्या वर्षांत एकदाही काढल्या नाहीत.

नाही, काही झालं नाही मला. पाणी नको. बस खाली. नाही, बसूच नकोस, ऊठ. योग्य माणसाकडे आलास तू, ध्रुव, त्यांनी बरोबर पाठवलं. आणि मी नाही म्हणते. त्यांना भेटलास परत तर सांग, बाई नाही म्हणाल्या. कप तिथेच राहू दे, मी उचलते. खोका सांभाळून ने, खड्डे आहेत पुढे. आणि जाताना फाटक ओढून घे, गाई आत येतात.